डायफ्राम डोसिंग पंपाची नियमित देखभाल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरजवळच्या हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वरचे कारखाने असोत, कोराडी-खापरखेड्याची वीजकेंद्रे असोत की एखाद्या गृहसंकुलाचा छोटा एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण केंद्र), हायपो (सोडियम हायपोक्लोराइट), कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड), अ‍ॅसिड, पीएसी (पाणी निवळवणारे पॉलीअ‍ॅल्युमिनियम क्लोराइड), अँटीस्केलंट (क्षाराचा थर रोखणारे रसायन) यांची मोजून मात्रा द्यायची तर डोसिंग पंप लागतोच. खालचे प्रश्न ऑपरेटर, फिटर आणि देखभाल विभागाकडून नेहमी येतात. उत्तरांतले आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या पंपाच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच पाळा.

पंप टकटक वाजतो आहे, दिवा लागलेला आहे. म्हणजे डोस पडतोच आहे ना?

असे धरून चालू नये. डायफ्राम (पंपातला लवचिक पडदा) पुढेमागे हलत असला तरी रसायन पुढे जाते ते खालच्या आणि वरच्या व्हॉल्व्हमधले बॉल सीटवर नीट बसतात म्हणून. ताशी १ लिटर देणारा पंप मिनिटाला १०० स्ट्रोक मारत असेल, तर एका स्ट्रोकला जेमतेम ०.१७ मिलिलिटर, म्हणजे साधारण तीन थेंब जातात. बॉलखाली क्षाराचा एक कण अडकला आणि प्रत्येक स्ट्रोकला एक थेंब मागे फिरला, की डोस जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने घटला. आवाज तोच राहतो, दिवा तोच, स्ट्रोकची संख्याही तीच. पाण्यातला क्लोरीन किंवा पीएच बिघडल्यावर ते कळते आणि तोवर एक-दोन शिफ्ट निघून गेलेल्या असतात. म्हणून पाना हातात घेण्याआधी डोस मोजा.

डोस मोजायचा कसा?

सक्शन लाईनवर, टाकीचा व्हॉल्व्ह आणि पंप यांच्यामध्ये खुणा केलेली उभी पारदर्शक नळी असते. हाच कॅलिब्रेशन कॉलम. तो टाकीतल्या रसायनाने भरून घ्या, मग टाकीकडचा व्हॉल्व्ह बंद करा, म्हणजे पंप फक्त कॉलममधून ओढेल. पातळी वरच्या खुणेवर आली की घड्याळ लावा आणि एक मिनिटाने किती मिलिलिटर उतरले ते लिहा. मिलिलिटर प्रति मिनिट गुणिले ०.०६ म्हणजे लिटर प्रति तास. एका मिनिटात २५० मिलिलिटर उतरले तर पंप ताशी १५ लिटर देतो आहे. लहान पंपाला एक मिनिट पुरत नाही. ताशी १ लिटरच्या पंपात मिनिटाला १७ मिलिलिटरच उतरतात, म्हणून तिथे तीन ते पाच मिनिटे मोजून भागाकार करा. तीन वाचने घ्या. त्यांच्यात दोन-तीन टक्क्यांहून जास्त फरक असेल तर व्हॉल्व्ह एकसारखे बसत नाहीत किंवा सक्शनमध्ये हवा आहे. कॉलम तळापर्यंत रिकामा होऊ देऊ नका, नाहीतर हवा हेडमध्ये (डायफ्रामसमोरच्या रसायनाच्या भागात) शिरते आणि पुन्हा प्रायमिंग, म्हणजे हवा काढून रसायन भरणे, करावे लागते.

ही मोजणी नेहमीच्या लाईन दाबावरच करायची. डिस्चार्ज पाइप सोडून बादलीत मोजलेला डोस फसवा असतो: दाब नसताना पंप जास्त देतो, शिवाय टाकी उंचावर असेल तर रसायन नुसतेच वाहून जाते.

पंप नवा असताना, किंवा नवी किट (डायफ्राम, व्हॉल्व्ह, ओ-रिंगचा संच) टाकल्यावर, स्ट्रोकची लांबी ४०, ६०, ८० आणि १०० टक्क्यांवर ठेवून मोजणी करून तो तक्ता प्लास्टिकमध्ये घालून पंपाजवळ लावा. पुढची सगळी तुलना त्या तक्त्याशी करायची. आमच्या मते देखभालीतल्या कुठल्याही स्पेअरपेक्षा हा कागद जास्त कामाचा आहे.

रोज काय पाहायचे आणि महिन्याला काय?

रोज प्रत्येक शिफ्टला: टाकीची पातळी, सक्शन नळीत बुडबुडे, डिस्चार्जचा दाब, हेडच्या जोडावर ओल किंवा पांढरा थर, आणि स्ट्रोकची खूण कोणी हलवली तर नाही ना. पाच मिनिटांचे काम आहे.

आठवड्यातून एकदा कॉलमवर मोजणी. महिन्याला फूट व्हॉल्व्ह (सक्शन नळीच्या खालच्या टोकाचा व्हॉल्व्ह) आणि वाय-स्ट्रेनरची जाळी धुणे, हेडचे बोल्ट तपासणे, डॅम्पनरचा (दाबाचे धक्के शोषणाऱ्या भांड्याचा) दाब पाहणे, मोटरवर चालणारा पंप असेल तर ऑईलची पातळी. सहा महिन्यांनी, म्हणजे सतत चालणाऱ्या पंपाला सुमारे ४००० तासांनी, दोन्ही व्हॉल्व्ह उघडून बॉल, सीट आणि ओ-रिंग पाहायच्या. फूट व्हॉल्व्ह टाकीच्या तळाला टेकलेला असेल तर या सगळ्याचा उपयोग नाही. तो तळापासून ५० ते १०० मिलिमीटर वर हवा, कारण खाली गाळ असतो. पीएसी आणि तुरटीच्या टाक्यांत तर हमखास.

डोस १० टक्क्यांनी घटला आहे. डायफ्राम बदलू का?

आधी नको. स्ट्रोक आणि दाब तेच असताना डोस हळूहळू घटला, तर बहुतेक वेळा दोष व्हॉल्व्हमध्ये असतो. तपासायचा क्रम असा ठेवा: फूट व्हॉल्व्हची जाळी, सक्शनच्या जोडातून हवा ओढली जाते का, खालचा व्हॉल्व्ह, वरचा व्हॉल्व्ह, आणि सगळ्यात शेवटी डायफ्राम.

व्हॉल्व्ह काढताना त्याचे भाग कुठल्या क्रमाने आणि कुठल्या तोंडाने बसले आहेत, याचा मोबाइलवर फोटो घ्या. काडतूस (बॉल आणि सीट असलेला व्हॉल्व्हचा सुटा भाग) उलटे बसले की पंप अजिबात ओढत नाही, आणि ही चूक फार ठिकाणी होते. बॉल काच, सिरॅमिक किंवा स्टीलचा असतो. नखाला खाच लागली किंवा चमक जाऊन तो खडबडीत झाला तर बॉल आणि सीट दोन्ही बदला, एकटा बॉल बदलून गळती थांबत नाही.

पांढरा, टणक थर दिसला तर तो बहुधा कॅल्शियम कार्बोनेट आहे. बोअरच्या जड पाण्यात हायपो किंवा कॉस्टिक पातळ केले की हा थर बसणारच, कारण पीएच वाढल्यावर पाण्यातला चुना बाहेर पडतो. पातळ करायला सॉफ्टनरचे किंवा आरओचे पाणी वापरले तर हा त्रास मुळातच कमी होतो. थर काढायला सुटे भाग ५ टक्के हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये किंवा सायट्रिक अ‍ॅसिडच्या द्रावणात बुडवून ठेवा, पण त्याआधी हायपोचा मागमूस राहणार नाही इतके पाण्याने धुवा. हायपो आणि अ‍ॅसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. भाग स्टीलचे असतील तर हायड्रोक्लोरिक वापरूच नका, ३१६ स्टीलसुद्धा त्याने खाल्ले जाते. सीट तारेने किंवा स्क्रूड्रायव्हरने खरवडू नये.

डायफ्राम किती काळ टिकतो?

साधारणपणे ८००० तास किंवा एक वर्ष, यातले जे आधी येईल ते. मिनिटाला १०० स्ट्रोकच्या हिशेबाने ८००० तास म्हणजे ४ कोटी ८० लाख वेळा वाकणे झाले. टेफ्लॉनचा पातळ थर आणि मागे रबर अशी त्याची रचना असते. टेफ्लॉनला चीर गेली की रसायन रबरात मुरते आणि मग तो फार दिवस काढत नाही. फुटेपर्यंत वाट पाहणे महागात पडते, कारण मागे गिअरबॉक्स किंवा सोलेनॉइड (डायफ्राम हलवणारे विद्युतचुंबक) आहे. वार्षिक शटडाऊनमध्ये बदलून टाकणे हेच शहाणपणाचे. जास्त दाब, कण असलेले द्रावण किंवा सतत १०० टक्के स्ट्रोक असेल तर आणखी लवकर.

डायफ्राम बदलायची पद्धत काय?

चेहऱ्यावर पूर्ण शील्ड, रसायनाला चालणारे हातमोजे, एप्रन, आणि जवळच्या आय-वॉशमधून पाणी येते आहे याची खात्री. नागपूरच्या उन्हात वरून जाणाऱ्या उघड्या पाइपातले आय-वॉशचे पाणी दुपारी डोळ्यांना सोसवणार नाही इतके तापते, तेव्हा आधी थोडे वाहू द्या. डोळ्यात रसायन गेले तर १५ मिनिटे सलग धुवायचे आणि तसेच दवाखाना गाठायचा.

१. सक्शन स्वच्छ पाण्याच्या बादलीत टाकून पंप पाच-दहा मिनिटे चालवा. याला एक अपवाद आहे: तीव्र सल्फ्युरिक अ‍ॅसिड. ९८ टक्के सल्फ्युरिकवर पाणी पडले की ते उकळून उडते. तिथे हेड आणि लाईन आधी पूर्ण रिकामी करायची; सुटे झालेले भाग मग भरपूर पाण्यात धुवायचे.

२. स्ट्रोक मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जागी आणा. बऱ्याच पंपांत तो चालू असतानाच शून्यावर आणतात. मग वीज तोडा, कुलूप आणि टॅग लावा. स्वयंचलित सिग्नलवरचा पंप नुसत्या बटणाने बंद ठेवू नका, तो केव्हाही सुरू होऊ शकतो.

३. दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करा आणि डिस्चार्जमधला दाब ड्रेनमधून सोडा. दाबमापक शून्यावर आला तरी हेडसमोर उभे राहू नका. बंद पडलेला दाबमापकही शून्यच दाखवतो.

४. खाली ट्रे ठेवून बोल्ट थोडे थोडे सैल करा, हेड काढा. डायफ्राम बहुधा शाफ्टवर आट्यांनी बसवलेला असतो, घड्याळाच्या उलट दिशेने फिरवला की सुटतो. पकडीने ओढू नका.

५. मागची तबकडी, शाफ्टचे आटे आणि गळतीचे भोक तपासा. गंज किंवा ओल असेल तर जुना डायफ्राम गळतच होता.

६. नवा डायफ्राम हाताने घट्ट बसेपर्यंत फिरवा. गुळगुळीत टेफ्लॉनचा चेहरा रसायनाकडे. त्याला ग्रीस लावू नका.

७. हेड बसवताना सक्शन खाली आणि डिस्चार्ज वर आहे ना, ते पाहा. बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, तीन फेऱ्यांत आवळा. प्लास्टिकच्या लहान हेडला साधारण ४ ते ६ न्यूटन-मीटर पुरतात. जोर लावून आवळलेले पीपी (पॉलीप्रॉपिलीन) हेड तडकते, आणि तडा लगेच दिसतही नाही.

८. २४ तासांनी पंप बंद करून, दाब सोडून, पुन्हा त्याच टॉर्कला आवळा. टेफ्लॉन आणि पीपी दाबाखाली हळूहळू बसतात, त्यामुळे पहिल्या दिवशीचे घट्ट बोल्ट दुसऱ्या दिवशी सैल असतात. ही पायरी गाळली की आठवडाभरात जोडातून गळती सुरू.

शेवटी कॉलमवर मोजणी करून तक्त्यात तारीख टाका.

हेडच्या मागे खालच्या बारीक भोकातून थेंब पडतो. ते भोक बुजवू का?

कधीही नाही. ते भोक डायफ्राम फुटल्याची खबर देण्यासाठीच आहे. ते बुजवले तर रसायनाला दुसरी वाट गिअरबॉक्सची. पंप लगेच बंद करा आणि डायफ्राम बदला. डायफ्राम तेलाच्या दाबाने हलवणाऱ्या हायड्रॉलिक पंपांत बहुधा दोन डायफ्राम असतात आणि मधल्या जागेचा दाब दाखवणारा मापक किंवा स्विच असतो. त्याचा काटा हलला, म्हणजे दोघांपैकी एक गेला.

एप्रिल-मेमध्ये हायपोचा पंप दुपारी एअर लॉक होतो. रात्री मात्र नीट चालतो. असे का?

सोडियम हायपोक्लोराइट स्वतःच विघटित होत असतो आणि त्यातून ऑक्सिजनचे बुडबुडे सुटतात. तापमान १० अंशांनी वाढले की विघटनाचा वेग साधारण तीन ते चार पट होतो. नागपुरात पारा ४५ अंशांवर जातो, उन्हातल्या काळ्या पाइपात तर त्याहून वर. हेडमध्ये वायू साठला की डायफ्राम तो वायूच दाबतो आणि सोडतो, रसायन हलत नाही.

उपाय बहुतेक मांडणीतले आहेत. टाकी आणि पंप सावलीत घ्या. टाकी पंपापेक्षा वर ठेवा, म्हणजे सक्शन भरलेले राहील. वर ओढायचेच असेल तर दीड मीटरच्या आत. सक्शन पाइप आखूड ठेवा आणि त्यात वर जाऊन खाली येणारा बाक ठेवू नका, वायू तिथेच जमतो. आपोआप वायू सोडणारे हेड मिळते, हायपोसाठी नवा पंप घेताना तेच मागा. स्ट्रोक लांब आणि संख्या कमी ठेवली तर बुडबुडे ढकलले जातात. आखूड आणि भराभर स्ट्रोकमध्ये ते अडकून राहतात. आणि साधा बॉल व्हॉल्व्ह हायपोच्या लाईनवर नको. तो बंद केला की पोकळीत अडकलेल्या हायपोचा वायू दाब वाढवतो आणि व्हॉल्व्ह फुटू शकतो. बॉलला वायू सोडण्यासाठी वेगळे भोक असलेला व्हॉल्व्ह मिळतो, तो लावा.

पंपाचीही मर्यादा असते. माहितीपत्रकात परिसराचे कमाल तापमान बहुधा ४० किंवा ४५ अंश दिलेले असते. पत्र्याच्या शेडखाली मे महिन्यात ते सहज ओलांडले जाते, आणि सोलेनॉइडची कॉइल आधी जाते. हवा खेळती ठेवा, नाहीतर एक्झॉस्ट बसवा.

मोजणी बरोबर येते, तरी पाण्यात क्लोरीन कमी मिळतो.

मग पंपाला दोष देऊ नका, हायपोची तीव्रता तपासा. ताशी ५० घनमीटर पाण्यात २ पीपीएम (लिटरमागे २ मिलिग्रॅम) क्लोरीन द्यायचा तर तासाला १०० ग्रॅम लागतो. १० टक्क्यांचा हायपो असेल तर ताशी १ लिटर पुरे. उन्हात पडून तोच ६ टक्क्यांवर आला तर १.६७ लिटर लागेल. उन्हाळ्यात साठा थोडा आणा, वारंवार आणा, आणि जुना आधी संपवा.

थंडीत कॉस्टिकचा पंप सकाळी ओढत नाही.

४८ ते ५० टक्क्यांची लाय (कॉस्टिकचे द्रावण) १० ते १२ अंशांच्या आसपास गोठू लागते. डिसेंबर-जानेवारीत नागपूरचा रात्रीचा पारा त्याखाली जातो, आणि बारीक सक्शन पाइप टाकीच्या आधी गोठतो. त्याआधीच लाय इतकी दाट होते की बॉल वेळेवर बसत नाही आणि डोस घटतो. पुष्कळ जण थोडे पाणी घालून ४० टक्क्यांवर आणतात, त्याने उलट बिघडते: त्या तीव्रतेची लाय १५ अंशांनाच गोठू लागते. पातळ करायचीच तर २० टक्क्यांपर्यंत करा आणि डोस त्या हिशेबाने वाढवा. पाण्यात लाय हळूहळू सोडायची, लायीत पाणी नाही, कारण उष्णता खूप निघते. नाहीतर पाइपाला हीट ट्रेसिंग (तापणारी तार) आणि इन्सुलेशन. गोठलेला पाइप ज्योतीने तापवू नका, कोमट पाण्याने भिजवलेले फडके गुंडाळा.

ओ-रिंग कुठली वापरायची? काळी ती काळीच ना?

रंगावरून ओळखू नका. ईपीडीएम आणि व्हायटॉन ही वेगवेगळी रबरे, पण दोन्हींच्या रिंगा काळ्या मिळतात. कॉस्टिकला ईपीडीएम, तिथे व्हायटॉन कडक होऊन तडकते. तीव्र सल्फ्युरिकला व्हायटॉन किंवा टेफ्लॉन, तिथे ईपीडीएम टिकत नाही. हेडच्या बाबतीतही असेच: ९८ टक्के सल्फ्युरिकला पीपी नको, तीव्र कॉस्टिकला पीव्हीडीएफ (हेही एक प्लास्टिक) नको. बाजारातून नुसत्या मापावर ओ-रिंग आणली की पंधरा दिवसांत पुन्हा तेच काम. सुट्या रिंगा वेगवेगळ्या पाकिटांत, नाव लिहून ठेवा. काढलेली ओ-रिंग परत बसवू नये.

स्ट्रोक १० टक्क्यांवर ठेवून चालवले तर पंप जास्त टिकेल का?

टिकणे दूर, डोसच विश्वासाचा राहत नाही. २०-३० टक्क्यांखाली स्ट्रोक आणि डोस यांचे प्रमाण सरळ राहत नाही, आणि थोडा वायू आला तरी पंप अडतो. इतका कमी डोस लागत असेल तर रसायन पातळ करा किंवा लहान पंप घ्या. मोटरवरच्या पंपात स्ट्रोकची चकती पंप चालू असताना फिरवायची. बंद असताना जोर लावला की आतली यंत्रणा दुखावते. काही पंपांना उलट चालते, म्हणून मॅन्युअल पाहा.

रिलीफ व्हॉल्व्ह, बॅक प्रेशर व्हॉल्व्ह आणि डॅम्पनर यांचे काय?

मोटरवर चालणारा पंप पुढे व्हॉल्व्ह बंद असला तरी थांबत नाही. पाइप, हेड किंवा गिअर यांपैकी काहीतरी तुटते. म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारा) पंपानंतर लगेच, मध्ये दुसरा व्हॉल्व्ह न घालता. तो लाईनच्या कमाल चालू दाबापेक्षा १० ते १५ टक्के वर लावा, पण पंपाच्या क्षमतेच्या आत. त्याची परतीची नळी टाकीत दिसेल अशी सोडा. तिथून रसायन पडताना दिसले की कुठेतरी तुंबले आहे हे ऑपरेटरला लगेच कळते.

डिस्चार्जचा दाब सक्शनपेक्षा निदान १ बारने जास्त नसेल तर रसायन आपोआप वाहत राहते. पंप बंद, तरी टाकी उतरते आहे, असे दिसले तर हेच कारण. बॅक प्रेशर व्हॉल्व्ह त्यासाठी आहे.

डॅम्पनरमधला हवेचा किंवा नायट्रोजनचा दाब पंप बंद असताना, लाईनचा दाब सोडून मोजायचा. चालू दाबाच्या ५० ते ६० टक्के ठेवा. पाइप उडी मारायला लागले, दाबमापकाचा काटा थरथरू लागला, तर आधी इथेच पाहा.

गिअरबॉक्सचे ऑईल?

नव्या पंपात पहिले ऑईल सुमारे ५०० तासांनी बदला, पुढे वर्षातून एकदा. ग्रेड नेमप्लेटवर असेल तोच. दुधासारखे दिसले तर पाणी शिरले आहे: पावसाळ्यात बहुधा ब्रीदरमधून (गिअरबॉक्सच्या हवेच्या भोकातून) किंवा धुताना होजने. तसे नसेल तर डायफ्राम तपासा. पावसाळा सुरू होण्याआधी टर्मिनल बॉक्सचे ग्लँड घट्ट करा आणि मोटरचे इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) तपासा. १ मेगाओहमखाली वाचन आले तर सुकवल्याशिवाय चालू करू नका.

महिनाभर पंप बंद ठेवायचा आहे.

पाण्याने धुवा, हेड रिकामे करा, सक्शन रसायनात बुडवून ठेवू नका. हायपो आणि कॉस्टिक वाळून बॉल सीटला चिकटतात. सुरू करताना आधी पाण्यावर चालवून मोजणी करा.

एकच पंप आज हायपोला आणि उद्या पीएसीला वापरला तर?

नको. पीएसी आणि तुरटी आम्लधर्मी आहेत, हायपोशी मिळाली की क्लोरीन वायू सुटतो. अ‍ॅसिडच्या बाबतीत तर धोका आणखी मोठा. दोन्ही रसायनांचे ट्रे आणि नाल्याही वेगळ्या हव्यात, कारण गळती खाली एकत्र येते. पंपावर आणि टाकीवर रसायनाचे नाव मोठ्या अक्षरात मराठी आणि हिंदीत रंगवून घ्या.

स्टोअरमध्ये काय काय ठेवावे?

प्रत्येक मॉडेलमागे एक पूर्ण किट: डायफ्राम, सक्शन आणि डिस्चार्जचे व्हॉल्व्ह, सीट, ओ-रिंगचा संच. त्याशिवाय एक फूट व्हॉल्व्ह, काही मीटर सक्शन नळी, दोन-चार युनियन आणि गिअरबॉक्सच्या एका भरणीपुरते ऑईल. जिथे डोस थांबला की प्लांट थांबतो, तिथे जोडून ठेवलेला दुसरा पंप हवा, आणि तो आठवड्यातून एकदा तरी चालवलेला. रबराचे भाग उन्हापासून आणि वेल्डिंगच्या जागेपासून लांब ठेवा. मागणी नोंदवताना पंपाचा अनुक्रमांक आणि हेडचे मटेरियल दोन्ही लिहा, कारण एकाच मॉडेलची किट पीपीची वेगळी आणि पीव्हीडीएफची वेगळी येते.